दोनशे बारा नंबरच्या पेटीतला राखाडी

मंगळवार, १७ मार्च १९६४. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती आणि लिओना ग्रिंडलच्या एकोणीस पेट्या बदलून झाल्या होत्या. विसावी तिने फळीवरून ओढली, जाळीचं झाकण उचललं आणि हात आत घालण्याआधी नेहमीप्रमाणे नुसतं पाहिलं.

पाहणं कामाच्या यादीत नव्हतं. यादीत होतं ते एवढंच: मळलेला भुसा काढा, ताजा भरा, पाण्याची बाटली बदला, दाणा घाला, कार्डावर पिल्लांची नोंद करा. शेपटीच्या मुळाशी धरून उंदीर जुन्या पेटीतून नव्या पेटीत सोडायचा. लिओना हे काम सोळा वर्षं करत होती. त्याआधी ती खाडीपलीकडच्या कारखान्यात कात्रीने सार्डिनची डोकी छाटून मासे डब्यात रचायची. तिथे तिचे हात चलाख झाले. डोळे मात्र उंदरांनी तयार केले.

पेटी नंबर दोनशे बारा. काळा नर, काळी मादी आणि बारा दिवसांची सात पिल्लं. सहा काळी. सातवं राखाडी.

तिने ते दोन बोटांत उचलून दिव्याखाली धरलं. पाटीवरून ओला हात फिरवावा आणि पाटी वाळत आली की जो रंग उरतो, तसा. डोळे काळेच होते, गुलाबी नव्हते. कान फिके, पावलंही फिकी. तिने पाठीवर हलकी फुंकर घातली. केस विलग झाले, आणि टोकापासून मुळापर्यंत राखाडीच निघाले. म्हणजे कुठली घाण लागलेली नव्हती.

बेटावरच्या या प्रयोगशाळेत सातव्या खोलीत फक्त काळे उंदीर असत. साठहून जास्त पिढ्या सख्ख्या भावंडांतच जोड्या लावत आणलेले. त्यामुळे या खोलीतला कुठलाही उंदीर दुसऱ्या कुठल्याही उंदराचा जणू जुळा भाऊ. बॉस्टनपासून सिअ‍ॅटलपर्यंतची इस्पितळं ते मागवत, ती याच कारणासाठी. एका उंदरावर औषध लागू पडलं आणि दुसऱ्यावर नाही, तर फरक औषधात शोधायचा, उंदरात नाही.

अशा खोलीत राखाडी पिल्लू दोनच वाटांनी येऊ शकतं. एक तर काळ्यांच्याच वंशात दोन-चार पिढ्यांमागे एखादं जनुक आपसूक बिघडलं. तसं होतं, क्वचित, पण होतं. किंवा बाहेरचं रक्त आत शिरलं. पहिल्याला शोध म्हणतात. दुसऱ्याला काय म्हणतात ते लिओनाला माहीत होतं, आणि ऑक्टोबरातली गोष्ट फक्त तिलाच माहीत होती.

ऑक्टोबरातल्या त्या बुधवारी नळवाले आले होते. वाफेचा नवा पाइप टाकायचा म्हणून त्यांनी दारांच्या उंबऱ्यांवरच्या गुडघाभर उंच फळ्या काढून ठेवल्या होत्या. सुटलेला उंदीर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाऊ नये म्हणून असतात त्या. अकरा वीसला लिओना एकतीस नंबरची पेटी बदलत होती. तिथे नुकतीच आईपासून वेगळी केलेली पाच भावंडं होती, तीन माद्या आणि दोन नर. झाकण उघडं टाकून ती बाटली घ्यायला वळली. परत वळली तेव्हा तिच्या बुटाशी एक काळी मादी बसली होती.

नियम लहान पोरालाही पाठ होईल असा आहे. जमिनीला लागलेला उंदीर पेटीत परत जात नाही. तो कुठल्या पेटीतून पडला हे तुम्ही स्वतः पाहिलं असलं तरी नाही. तो मारण्यासाठी इथरच्या बरणीत जातो आणि दाराशी टांगलेल्या वहीत एक ओळ लिहिली जाते. त्या दिवशी बरणी रिकामी होती. भरायची तर कोठारापर्यंत जायचं, म्हणजे पांढरे कपडे उतरवायचे, परत येताना अंघोळ, पुन्हा कपडे. लिओनाने मादी उचलून एकतीस नंबरात टाकली आणि मोजलं. पाच. कार्डावरही पाच. तिने झाकण लावलं.

दया वगैरे काही नव्हती त्यात. कंटाळा होता.

चार दिवसांनी तिच्याच फळ्यांखालच्या सापळ्यात एक काळी मादी मरून पडलेली सापडली. आता प्रश्न असा होता की दोघींपैकी एकतीस नंबरातून उडी मारलेली कोणती आणि बाहेरून आलेली कोणती. समोरच्या आठव्या खोलीतही काळे उंदीर होते. पण त्यांची आई सातव्या खोलीतली असे आणि बाप दुसऱ्या वाणाचा, फिक्या तपकिरी रंगाचा. पिल्लं सगळी काळीभोर निघत. बापाचं देणं आत दडून राही आणि पुढच्या पिढ्यांत कधीतरी वर येई. नुसतं बघून सातव्या खोलीतला काळा आणि आठव्या खोलीतला काळा वेगळे ओळखणं लिओनालाही शक्य नव्हतं. तिने सापळ्यातली मादी भट्टीच्या डब्यात टाकली. सापडलेली होती ती आठव्या खोलीतली, असं स्वतःला सांगितलं आणि वही उघडली नाही.

एकतीस नंबरच्या माद्या पुढे आपल्या भावांना लावल्या गेल्या. दोनशे बारा नंबरची जोडी म्हणजे त्यांचीच पोरं.

इथरची बरणी आज भरलेली होती, हाताच्या अंतरावर. पिल्लू आत टाकलं असतं तर कार्डावर सातच्या जागी सहा लिहिण्यापलीकडे काही उरलं नसतं. लिओनाने भोकं पाडलेला कॉफीचा डबा घेतला, त्यात मूठभर भुसा टाकला आणि तिथेच थबकली. बारा दिवसांचं पिल्लू आईविना गुरुवारपर्यंत तगलं नसतं. मग तिने पिल्लू पेटीतच ठेवलं आणि कार्डाच्या कोपऱ्याला लाल चिमटा लावला. लाल चिमटा म्हणजे: या पेटीत काहीतरी वेगळं आहे, हात लावू नका.

प्रामाणिकपणाचा विचार तिने त्या वेळी केला नव्हता, असं ती पुढे सांगायची. तो राखाडी कुठून आला, एवढंच तिला हवं होतं.

गुरुवारी दहा वाजता वेगळे उंदीर घेऊन सगळे कॉफीच्या खोलीत जमत. ही पद्धत कोणी सुरू केली हे कुणाला आठवत नव्हतं. आणणाऱ्याने काही बोलायचं नाही, डबा नुसता टेबलावर ठेवायचा. बाकीच्यांनी आळीपाळीने बघून काय वेगळं आहे ते ओळखायचं. ज्याला ओळखता येणार नाही त्याने सगळ्यांचे कप धुवायचे. लिओनाचे सतरा उंदीर आजवर असे टेबलावर आले होते. कुणाच्या पोटावर पांढरा ठिपका, कुणाची मिशी कुरळी, एक चालताना डावीकडे कलणारा. त्यातले पाच आज परदेशांतल्या प्रयोगशाळांतही होते, कार्डावर तिच्या नावाच्या आद्याक्षरांसह.

तिने डबा ठेवला. पिल्लाबरोबर त्याचं एक काळं भावंडही होतं.

आठव्या खोलीतल्या बर्निस टॉरीने काकवीच्या डोनटचा तुकडा तोंडात टाकला आणि डब्यात डोकावली. "हे काय गं? आंधळ्यालाही दिसेल हे. म्हातारी झालीस तू लिओना. मागच्या वेळी मिशीचा एक केस वाकडा होता, आम्ही अर्धा तास डोळे फोडले. आज कप कोण धुणार मग?"

"तू," लिओना म्हणाली. "तुझीच पाळी असते."

मुकादम मर्ल गॉटने डबा स्वतःकडे ओढला. तो लिओनाच्याच गावचा, तिच्याहून चार वर्षांनी लहान. शाळेत त्याचे भागाकार तिने सोडवून दिले होते. "काळ्यांत राखाडी? भट्टीतली राख उडाली असेल याच्यावर. फुंकून बघा."

डॉ. इडा हाल्वर्सन हसल्या नाहीत. त्या मिनेसोटाच्या, कमी बोलणाऱ्या, आणि उंदरांच्या रंगांवर वीस वर्षं काम केलेल्या. त्यांनी पिल्लू तळहातावर घेऊन फुंकर घातली, ते खिडकीशी नेलं आणि परत आणलं. मग नेहमीचा प्रश्न विचारला. "सातव्या खोलीत गेल्या सहा महिन्यांत जमिनीवर कोणी सापडलं होतं?"

"लिओनाच्या खोलीत?" मर्लच बोलला. "डॉक्टरबाई, ती जमिनीवर दाणा राहू देत नाही. वही कोरी आहे. आम्ही बाकीच्यांना तीच वही दाखवतो, बघा म्हणून, असं काम करायचं."

लिओनाने कॉफी ढवळली. तिच्या कॉफीत साखर नव्हती.

दुपारी साडेतीनला तिने डॉ. हाल्वर्सनच्या खोलीचं दार वाजवलं. डॉक्टरबाई सूक्ष्मदर्शकाशी होत्या. त्यांनी कोण आलंय हेही विचारलं नाही, नुसत्या बाजूला सरकल्या.

"या, बघा. काय दिसतंय?"

लिओनाने डोळा लावला. "केस."

"ते मलाही माहितेय. कसा?"

"हा आपला काळा. मक्याच्या कणसासारखा. दाणे कसे ओळीने बसलेत."

डॉक्टरबाईंनी काच बदलली. "आणि हा?"

लिओना बराच वेळ बघत राहिली. "यात दाणे कुणीतरी मुठीने फेकल्यासारखे. इथे ढीग, तिथे रिकामं."

"हा राखाडी. काळा रंग याच्यातही साधारण तेवढाच आहे. कमी नाही झालेला. नीट पसरलेला नाही फक्त. ढिगांच्या मधून उजेड आरपार जातो, म्हणून आपल्याला राखाडी दिसतो."

"रंग तेवढाच?"

"तेवढाच. रंग तयार करणारी पेशी असते ना, तिला बोटांसारखे फाटे फुटतात. त्या बोटांनी ती रंगाचे कण वाढत्या केसात भरत जाते. याच्या पेशीची बोटं आखूड असणार. कण मधेच साचतात आणि मग एकदम ढकलले जातात. एका जनुकाचं काम, पण ते बिघडलं की उंदराचा रंगच बदलतो."

"आणि बर्निसच्या उंदरांचे बाप? ते फिके तपकिरी असतात ते. त्यांचे केस?"

"असेच," डॉ. हाल्वर्सन म्हणाल्या. "तपकिरी आहेत, पण ढीग अगदी हेच."

मग लिओनाने ऑक्टोबर सांगितला. बरणी, पाइप, एकतीस नंबर, सापळा. सांगायला चार मिनिटंही लागली नाहीत.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. त्यांनी कागद ओढला. "मादी होती? नक्की?"

"नक्की."

"ऑक्टोबरात आत गेली. नोव्हेंबरात पिल्लं. ती जानेवारीत आपापसांत लावली. मार्चमध्ये नातवंडं." पेन्सिल तीनदा टेकली. "वेळ बसतो."

"हो. मीही तसंच मोजलं."

"पण बर्निसकडच्या उंदरात एक सोडून दोन गोष्टी दडलेल्या असतात. फिकेपणा आणि तपकिरीपणा. वेगवेगळी जनुकं आहेत ती, एकमेकांना धरून चालत नाहीत. फिकेपणा वर आला तर एकतीस नंबरच्या वंशाच्या त्या रांगेत कुठेतरी तपकिरीही दिसायला हवा होता. पाहिलात?"

"नाही."

"तुमच्या नजरेतून सुटला असेल?"

लिओनाने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

"बरं," डॉक्टरबाई म्हणाल्या, "नसेल सुटला. पण पिल्लं थोडी आहेत, योगायोगही असू शकतो. यावर खोली वाचवता यायची नाही. हा राखाडी नर आहे. मोठा झाला की त्याला त्या बापांच्या फिक्या वाणाच्या दोन माद्या देऊ. दोघांतही एकच जनुक बिघडलेलं असेल, तर पिल्लांना चांगलं जनुक कुणाकडूनच मिळणार नाही. सगळी फिकी होतील. म्हणजे रक्त बर्निसच्या खोलीतलं. पण दोघांची जनुकं वेगवेगळी बिघडलेली असतील…"

"थांबा," लिओना म्हणाली. "आमच्या अंगणात दोन बोटी पडून आहेत. एकीला इंजिन नाही, एकीला सुकाणू नाही. नवरा म्हणतो दोन्ही भंगारात घाल. पण हिचं इंजिन तिला बसवलं तर एक चालती बोट होते. दोन्हींना इंजिनच नसतं तर कितीही जोडाजोडी केली तरी पडूनच राहिल्या असत्या. तसंच ना?"

"तसंच. दोन फिक्या आईबापांची काळी पिल्लं."

"किती दिवस लागतील?"

"मे महिना उजाडेल. मर्लला तुम्ही सांगता की मी?"

"मी सांगते."

मर्ल कोठारात भुशाच्या पोत्यांमागे भेटला. ऐकता ऐकता त्याची मान लाल होत गेली.

"सोळा वर्षं!" तो म्हणाला. "आणि आज सकाळी सगळ्यांसमोर मी तुझी आरती ओवाळतोय. तू शेजारी बसून कॉफी ढवळतेस!"

"मी कुठं सांगितलं होतं बोलायला."

"गप्प बसायलाही नव्हतं सांगितलं मी! बरणी भरायला दहा मिनिटं लागतात, लिओना. दहा!"

"बारा. अंघोळ धरून."

"चेष्टा करतेस?"

"नाही. मोजली होती मी तेव्हाच. म्हणून तर गेले नाही."

मर्ल पोत्यावर बसला. थोड्या वेळाने तो शांतपणे बोलला, आणि ते जास्त कठीण होतं. एकतीस नंबरची सगळी औलाद, अडतीस पेट्या, आजपासून बंद. तिथला एकही उंदीर बाहेर जाणार नाही. मे महिन्यात पिल्लं काळी निघाली तर ठीक. फिकी निघाली तर अख्खी सातवी खोली रिकामी करून, धुऊन, नव्याने भरावी लागेल, कारण त्या रांगेतल्या माद्या इतर रांगांत किती गेल्या ते कोण शोधणार. "आणि मग मला तुला ठेवता येणार नाही. आपलं गाव एक असलं तरी."

"ठेवूही नकोस," लिओना म्हणाली.

राखाडी नर आणि फिक्या माद्यांच्या तपासणीच्या पेट्यांना तिने हात लावायचा नाही असं ठरलं. ते काम बर्निसकडे गेलं. बर्निसला सगळं कळलं तेव्हा ती कप धूत होती.

"माझ्या खोलीतली मादी तुझ्याकडे? अगं, तेव्हाच बोलली असतीस तर मी लगेच मोजून सांगितलं असतं, कमी आहे की नाही."

"मोजलं असतंस?"

बर्निसने जरा विचार केला. "नसतं," ती म्हणाली, आणि दोघी हसल्या.

एप्रिलमध्ये बर्फ वितळून बेटावरचे रस्ते चिखलाचे झाले. दोनशे बाराच्या जोडीला पुन्हा आठ पिल्लं झाली. त्यातली दोन राखाडी. म्हणजे राखाडीपण वंशातून येतंय हे नक्की झालं, तपकिरी मात्र एकही नव्हतं. लिओना रोज त्या अडतीस पेट्यांतलं एकेक पिल्लू दिव्याखाली धरून तपकिरी शोधत असे. तपकिरी सापडला तर आपण संपलो, हे तिला कळत होतं. तरी पोटाखालच्या केसांवरही फुंकर घालून ती बघायची.

घरी शनिवारी रात्री नेहमीप्रमाणे घेवड्याच्या शिजवलेल्या बिया आणि काळा पाव असे. हार्लन ओहोटीला खाडीतले शिंपले खणायचा आणि उंदरांविषयी विचारायचा नाही. त्या महिन्यात त्याने एकदाच विचारलं.

"मग काय, बोट चालती की पडून?"

"अजून माद्यांना लावायचाय त्याला. लहान आहे."

"आणि नाहीच चालली तर?"

"सार्डिनचा कारखाना आहे."

"या वयात? बोटं छाटून घेशील."

"आता छाटायला यंत्र आहे म्हणे. मी नुसती रचेन." तिने पाव तोडला. "हार्लन, रंग दोघांत तेवढाच असतो, माहितेय? काळ्यात आणि राखाडीत. मी सोळा वर्षं समजत होते की राखाडीत कमी असतो."

हार्लनने तिच्याकडे जरा बारकाईने पाहिलं. नोकरी जायची वेळ आलेली बाई ही नव्हे, असं काहीसं तो पुटपुटला आणि ताटलीत आणखी वाढून घेतलं.

तेरा मेला, बुधवारी, पहिल्या मादीने नऊ पिल्लं घातली. दुसरीने दोन दिवसांनी सहा. उंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा उघडं, गुलाबी, करंगळीच्या पेरापेक्षाही लहान असतं. मिटलेल्या पापण्यांखाली डोळ्याचा काळा ठिपका तेवढा दिसतो, आणि तो काळ्याचाही असतो, राखाडीचाही. वाट बघायची. तुलनेसाठी डॉक्टरबाईंनी त्याच दिवशी जन्मलेली काळी पिल्लं आणि त्याच दिवशी जन्मलेली राखाडी पिल्लं शेजारी ठेवली होती. रोज दहाला लिओना दाराशी उभी राही आणि बर्निस पेटी तिच्यासमोर धरी.

चौथ्या दिवशी पाठी धुरकटल्या.

"काळी होतायत," बर्निस म्हणाली. "बघ ना. माझ्या मते तर काळीच."

"चौथ्या दिवशी राखाडीही अशीच दिसतात."

"अगं, तुझ्याच बाजूने बोलतेय मी!"

"बाजू कशाला हवी. उद्या बघू."

सहाव्या दिवशी कातडीवर मखमलीसारखी लव आली. बर्निस पुन्हा काळीच म्हणाली. मर्ल येऊन, डोळे बारीक करून, जरा जास्त आशेने काळीच म्हणाला. डॉ. हाल्वर्सनचं मत तयार होतं, पण त्यांना ते लिओनाकडून ऐकायचं होतं. लिओना म्हणाली, "अजून नाही सांगता येत."

आठव्या दिवशी, गुरुवारी, एकवीस तारखेला, पेट्या कॉफीच्या टेबलावरच आणल्या गेल्या. डॉक्टरबाईंनी लिओनाला हातमोजे दिले. "आता हात लावा. जे व्हायचं ते होऊन गेलंय."

तिने एक पिल्लू उचललं, फुंकर घातली आणि ठेवलं. दुसरं उचललं. शेजारच्या काळ्यांतलं एक डाव्या हातात धरलं, राखाडींतलं एक मनगटावर ठेवलं, आणि मधे हे. कान पाहिले, पावलांची बोटं पाहिली, शेपटीच्या कड्या पाहिल्या. नऊही पिल्लांचं असं करायला तिला अकरा मिनिटं लागली. कॉफी कुणीच प्यायलं नाही.

"काळी," ती म्हणाली. "नऊच्या नऊ. दुसरीची सहाही त्याच वाटेवर आहेत, पण ती मी शनिवारी सांगेन."

"नक्की ना?" मर्लने विचारलं.

"तू भागाकार करताना असंच विचारायचास."

मर्लने टेबलावर थाप मारली आणि कप हिंदकळले. "झालं तर! राखाडी आपला घरचाच. डॉक्टरबाई, नवीन जनुक, बरोबर? हिच्या नावावर अठरावा. मी दुपारी रांग उघडतो."

"नवीनच दिसतंय," डॉ. हाल्वर्सन म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं होतं. "फिक्या वाणात बिघडलेलं जनुक हे नाही, हे तर पक्कं. केस अगदी सारखे, आणि तरी जनुक दुसरंच. केसात रंग पसरवायला एकाहून जास्त जनुकं लागत असणार. दुसरं नेमकं काय काम करतं, ते मला ठाऊक नाही. अजून कुणालाच नाही."

बर्निसने लिओनाच्या पाठीत गुद्दा घातला. लिओना पेटीकडेच बघत होती.

"मग ती मादी कुणाची होती?" तिने विचारलं.

"कोणती मादी?" मर्ल म्हणाला.

"ऑक्टोबरातली. मी आत टाकलेली. या पिल्लांनी एवढंच सांगितलं की राखाडी बर्निसकडून आला नाही. ती मादी बर्निसची नव्हती, असं कुठे सांगितलं? ती बर्निसची असूनही हा राखाडी आपसूक झालेला असू शकतो."

मर्लने डॉक्टरबाईंकडे पाहिलं. डॉक्टरबाई लिओनाकडे बघत होत्या.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

"लिओना," मर्ल हळू आवाजात म्हणाला, "सुटलीस तू. गप्प बस की आता."

"सुटले. पण कळलं कुठं?"

"ती मादी फेब्रुवारीत पाळीनुसार बरणीत गेलीसुद्धा! कुणाला विचारणार तू?"

"तिची पोरं आहेत. नोव्हेंबरातली. एकतीस नंबरच्या तिन्ही माद्यांची मिळून चौदा पोरं अजूनही पिल्लं देतायत. त्यांना फिक्या तपकिरी वाणाशी लावलं तर दिसेल. आपली असतील तर सगळी पिल्लं काळी होतील. बर्निसकडचं रक्त असेल तर त्यांच्यात फिकी किंवा तपकिरी निघतील. चौदांपैकी एकाला तरी निघतील." तिने डॉक्टरबाईंकडे पाहिलं. "चुकतंय का माझं?"

"नाही. मार्चमध्येच करायला हवं होतं, पण माझ्याकडे तेव्हा तेवढ्या जोड्या नव्हत्या. आता आहेत."

"आणि निघाली तर?" मर्लने विचारलं. त्याला उत्तर माहीत होतं.

"तर खोली रिकामी, आणि मी घरी. ठरलंय तेच. काही बदललेलं नाही."

"हिला कुणीतरी समजवा," मर्ल छताकडे बघत म्हणाला. "बर्निस, तू सांग."

"मी काय सांगू? मलाही आता कळायला हवंय ती माझी होती का ते."

मर्ल उठला. दाराशी टांगलेली सातव्या खोलीची वही त्याने आणून तिच्यासमोर टाकली, पेन्सिलसह. "मग हे तरी आधी लिही. सात महिने उशिरा का होईना."

लिओनाने पहिल्या कोऱ्या पानावर तारीख घातली, वेळ घातली, पेटीचा नंबर घातला. "काय केलं" या रकान्यात तिने लिहिलं: परत ठेवली. कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं: बरणी रिकामी. ते खोडून तिने लिहिलं: कंटाळा.

डॉ. हाल्वर्सननी ते वाचलं, खाली सही केली आणि रांग जूनअखेरपर्यंत बंदच राहील असं मर्लला सांगितलं. राखाडी नर आणि त्याच्या एप्रिलातल्या दोन राखाडी बहिणी डॉक्टरबाईंच्या खोलीत गेल्या. त्यांच्या कार्डावर बर्निसने लिओनाची आद्याक्षरं घातली. तो गुरुवार होता. कप त्या दिवशी मर्लने धुतले.

उद्या शुक्रवार. सकाळी आठला बर्निस टॉरी एकतीस नंबरच्या चौदा पोरांच्या चौदा जोड्या फिक्या वाणाशी लावेल. त्या वेळी लिओना ग्रिंडल सातव्या खोलीत फळ्यांच्या चौथ्या रांगेच्या पेट्या बदलत असेल. शुक्रवारी चौथी रांग असते.